सिंथेसायझर प्रीसेट संच

सिंथेसायझर प्रीसेट संच म्हणजे एखाद्या विशिष्ट सिंथेसायझरवर वाजवण्यासाठी आधीच तयार करून ठेवलेल्या ध्वनियोजनांचा संग्रह होय. संचातील प्रत्येक ध्वनियोजनेस प्रीसेट, पॅच किंवा प्रोग्राम असे म्हणतात. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या निर्मितीत बास, लीड, पॅड, प्लक आणि ध्वनिपरिणाम यांसाठी असे संच मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. काही संच वाद्याचा निर्माता वाद्यासोबतच देतो, काही स्वतंत्र ध्वनिरचनाकार विकतात, तर काही विनामूल्य उपलब्ध असतात.

प्रीसेट हे ध्वनिमुद्रण नव्हे. ती वाद्याच्या नियंत्रकांच्या मूल्यांची यादी असते आणि ती यादी वाचू शकणारे वाद्य उपलब्ध असेल तरच तिच्यातून आवाज निघतो. वाद्याची नवी आवृत्ती आली, संगणकाची कार्यप्रणाली बदलली किंवा प्रीसेटला लागणारी एखादी फाइल हरवली, तर तोच प्रीसेट वेगळा वाजू शकतो किंवा मुळीच वाजत नाही. त्यामुळे अद्ययावत संचाची निवड हा केवळ आवडीचा प्रश्न नसतो. आज केलेली रचना काही वर्षांनी पुन्हा उघडता येईल की नाही, हेही त्या निवडीवर अवलंबून असते.

संज्ञा

सुरुवातीच्या मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये ध्वनी निर्माण करणारे आणि बदलणारे घटक स्वतंत्र असत. ते तारांनी एकमेकांना जोडावे लागत. या तारांना पॅच कॉर्ड म्हणत असल्याने विशिष्ट जोडणीस व तिच्यातून निघणाऱ्या आवाजास पॅच हे नाव पडले. तारा जाऊन स्मृतिकोश आले, तरी हा शब्द टिकून राहिला. प्रीसेट या शब्दाचा भर आधीच ठरवून ठेवलेल्या मूल्यांवर आहे. अनेक प्रीसेटच्या गटाला बँक म्हणतात. कोणतीही प्रक्रिया न केलेल्या, साध्या आरंभीच्या स्थितीला इनिट पॅच म्हणतात आणि ध्वनिरचनाकार सहसा तेथूनच नव्या आवाजाची बांधणी सुरू करतो.

प्रीसेटमध्ये काय साठवलेले असते

सर्वसाधारण सिंथेसायझरमध्ये ऑसिलेटर मूळ कंपन निर्माण करतो. फिल्टर त्यातील काही वारंवारता कमी-अधिक करतो. आवाज किती वेगाने उमटावा, टिकावा आणि विरावा हे एन्व्हलप ठरवतो. एलएफओ हा मंदगती आंदोलक आवाजात कंप किंवा लय आणतो. शेवटी रिव्हर्ब, डिले, कोरस यांसारखे परिणाम जोडले जातात. या सर्व घटकांची मूल्ये आणि त्यांचे परस्परसंबंध प्रीसेटमध्ये नोंदवलेले असतात.

ही नोंद किती लहान असू शकते, हे यामाहा कंपनीच्या डीएक्स७ या सिंथेसायझरवरून स्पष्ट होते. डीएक्स७च्या एका आवाजात १४५ मूल्ये आणि नावाची १० अक्षरे असतात. संक्षिप्त स्वरूपात एक आवाज १२८ बाइटमध्ये मावतो. म्हणजेच ३२ आवाजांची संपूर्ण बँक ४,०९६ बाइटची होते. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणास एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. त्या हिशेबाने ३२ आवाजांच्या बँकेएवढ्या जागेत एका सेकंदाचा सुमारे त्रेचाळिसावा भागच मुद्रित करता येईल. बँक इतकी लहान असते, याचे कारण ध्वनी घडवण्याचे सारे काम वाद्य करते. प्रीसेट त्याला केवळ सूचना देतो.

आधुनिक सॉफ्टवेअर सिंथेसायझरचे प्रीसेट याहून गुंतागुंतीचे असतात. त्यांना मूल्यांबरोबरच वेव्हटेबल, म्हणजे लहरींच्या आकारांचा तक्ता, गोंगाटाचे नमुने किंवा ध्वनिमुद्रित सॅम्पल यांचीही गरज भासू शकते. यांपैकी काही गोष्टी प्रीसेटच्या फाइलमध्येच समाविष्ट असतात, तर काहींचा केवळ उल्लेख असतो आणि त्या ठरावीक फोल्डरमध्ये सापडाव्या लागतात. संच एका संगणकावरून दुसऱ्यावर नेल्यानंतर आवाज अपुरा वाटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

इतिहास

स्मृतिकोशापूर्वीचा काळ

इ.स. १९७० मध्ये बाजारात आलेल्या मिनीमूगमध्ये आवाज साठवण्याची सोय नव्हती. वादक कागदावर छापलेल्या नियंत्रकफलकाच्या आकृतीवर प्रत्येक बटणाची स्थिती खुणेने नोंदवून ठेवत. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये ही सर्व बटणे हाताने फिरवावी लागत आणि तरीही पूर्वीचा आवाज तंतोतंत मिळेल याची खात्री नसे.

इ.स. १९७८ मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकन कंपनीने प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर सादर केला. डेव्ह स्मिथ यांनी जॉन बोवेन यांच्या साहाय्याने त्याची रचना केली होती. त्यात मायक्रोप्रोसेसरचा उपयोग करून सर्व नियंत्रकांची स्थिती ४० स्मृतिकोशांमध्ये साठवता येई आणि एका बटणाने परत आणता येई. एकाच वेळी अनेक स्वर वाजवणाऱ्या सिंथेसायझरमध्ये ही सोय आल्यानंतर आवाजाची नोंद वाद्याचाच भाग बनली.

डीएक्स७ आणि संचांची मागणी

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतकार जॉन चाउनिंग यांनी १९६०च्या दशकात फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजे एफएम, पद्धतीने ध्वनिनिर्मितीचे तंत्र विकसित केले. त्याचे हक्क घेऊन यामाहाने इ.स. १९८३ मध्ये डीएक्स७ बाजारात आणला. त्यात सहा ऑपरेटर आणि त्यांच्या जोडणीच्या ३२ पद्धती होत्या. या वाद्याच्या एक लाखाहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

डीएक्स७वर नवा आवाज घडवणे मात्र कठीण होते. पूर्वीच्या वाद्यांप्रमाणे प्रत्येक मूल्यासाठी स्वतंत्र बटण नव्हते. लहानशा पडद्यावर एका वेळी एकच मूल्य दिसे आणि ते एकाच सरकपट्टीने बदलावे लागे. शिवाय एका ऑपरेटरमधील लहानसा बदल संपूर्ण आवाजाची जात पालटून टाकत असे. परिणामी बहुसंख्य वादकांनी डेव्हिड ब्रिस्टो आणि गॅरी ल्युएनबर्गर यांनी तयार केलेले कारखान्याचे प्रीसेटच वापरले. त्यांपैकी ई पियानो १ हा आवाज १९८०च्या दशकातील असंख्य पाश्चात्त्य बॅलड गीतांत ऐकू येतो. ब्रायन ईनो यांच्यासारखे थोडे संगीतकार स्वतः आवाज घडवत, परंतु ते अपवाद होते. वाद्य लोकप्रिय आणि आवाज घडवणे अवघड, या स्थितीतून तयार आवाजांच्या कार्ट्रिजची मोठी मागणी निर्माण झाली. आजच्या प्रीसेट संचांच्या व्यवसायाचे मूळ येथे सापडते.

मिडी आणि आवाजांची देवाणघेवाण

इ.स. १९८३ मध्येच मिडी ही प्रमाणपद्धती प्रचारात आली. तिच्यातील सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेशाद्वारे एका वाद्यातील प्रीसेट दुसऱ्या वाद्याकडे किंवा संगणकाकडे पाठवता येऊ लागले. या संदेशाच्या सुरुवातीस निर्मात्याचा क्रमांक असतो आणि इतर निर्मात्यांची वाद्ये तो संदेश दुर्लक्षितात. आवाजांची देवाणघेवाण त्यामुळे सोपी झाली, पण ती एकाच जातीच्या वाद्यांपुरती मर्यादित राहिली.

इ.स. १९८७ मधील रोलंड डी-५० आणि इ.स. १९८८ मधील कोर्ग एम१ या वाद्यांनी मुद्रित नमुन्यांची जोड देऊन प्रीसेटना अधिक समृद्ध केले. डी-५०च्या कारखान्यातील आवाजांवर एरिक पर्सिंग आणि एड्रियन स्कॉट यांनी काम केले होते. एम१चे पियानो व ऑर्गनचे प्रीसेट १९९०च्या दशकातील हाउस संगीताची ओळख बनले.

इ.स. १९९१ मध्ये जनरल मिडी या प्रमाणात १२८ आवाजांची नावे व क्रमांक निश्चित करण्यात आले. या यादीत १०५व्या क्रमांकावर सतार आणि ११२व्या क्रमांकावर सनई आहे. मात्र प्रमाणाने फक्त क्रमांक आणि नाव ठरवले. आवाज कसा असावा हे प्रत्येक निर्मात्यावर सोडले. त्यामुळे एकाच मिडी फाइलमधील सतार एका वाद्यावर सतारीजवळ जाते, तर दुसऱ्यावर एखाद्या तारवाद्याची पुसट आठवण तेवढी करून देते. प्रीसेटचे नाव म्हणजे आवाजाची हमी नव्हे, हे यातून दिसून आले.

सॉफ्टवेअर सिंथेसायझर

स्टाइनबर्ग कंपनीने इ.स. १९९६ मध्ये व्हीएसटी हे तंत्र सादर केले आणि इ.स. १९९९ मधील त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत संगणकावर चालणाऱ्या वाद्यांची सोय झाली. प्लगइन या नावाने ओळखली जाणारी ही वाद्ये डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन, म्हणजे डीएडब्ल्यू, या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली जातात. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे मॅसिव्ह, लेनरडिजिटलचे सायलेन्थ१, इ.स. २०१४ मधील एक्सफर रेकॉर्ड्सचे सीरम आणि इ.स. २०२० मधील व्हायटल ही त्यांची परिचित उदाहरणे होत. सर्ज हे वाद्य इ.स. २०१८ मध्ये मुक्त स्रोत झाले आणि स्वयंसेवकांनी ते पुढे सर्ज एक्सटी या नावाने विकसित केले. वाद्य विकत घेणाऱ्यांची संख्या वाढली, फाइल पाठवण्याचा खर्च जवळजवळ शून्य झाला आणि प्रीसेट संच हा स्वतंत्र व्यवसाय झाला.

'अद्ययावत' या शब्दाचे अर्थ

प्रीसेट संचाच्या संदर्भात अद्ययावत हे विशेषण तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जाते.

पहिला अर्थ तांत्रिक आहे. संच वाद्याच्या नव्या आवृत्तीसाठी तयार केलेला असतो. दुसरा अर्थ दुरुस्तीचा आहे. जुन्याच संचातील असमान ध्वनिपातळी, हरवलेल्या फाइली किंवा चुकीची वर्गवारी सुधारून तो पुन्हा दिलेला असतो. तिसरा अर्थ अभिरुचीचा आहे. एखाद्या संगीतप्रकारात सध्या रूढ असलेले आवाज संचात दिलेले असतात. जाहिरातीत हे अर्थ अनेकदा एकमेकांत मिसळलेले असतात. नव्या शैलीचा संच जुन्या आवृत्तीवर उत्तम चालू शकतो, तर नव्या आवृत्तीसाठीचा संच ऐकण्यास जुन्यासारखाच असू शकतो.

आवृत्तीच्या प्रश्नाचे अलीकडील उदाहरण सीरमचे आहे. इ.स. २०२५ मध्ये सीरम २ प्रसिद्ध झाले आणि मूळ सीरमच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांना ते विनामूल्य देण्यात आले. नव्या आवृत्तीत सॅम्पल, ग्रॅन्युलर आणि स्पेक्ट्रल प्रकारचे ऑसिलेटर आले. जुन्या सीरमचे प्रीसेट सीरम २मध्ये उघडतात, पण सीरम २चे प्रीसेट जुन्या सीरममध्ये उघडत नाहीत. जुन्या वाद्यात जो घटकच नाही, त्याची मूल्ये ते वाचू शकत नाही. त्यामुळे दोन व्यक्ती एकत्र काम करत असतील आणि त्यांच्यापैकी एकाकडे जुनी आवृत्ती असेल, तर नव्या आवृत्तीचा संच दोघांच्या कामात अडथळा ठरतो.

निवडीचे निकष

वाद्य, आवृत्ती आणि फाइलचे स्वरूप

संच कोणत्या वाद्यासाठी आणि त्याच्या किमान कोणत्या आवृत्तीसाठी आहे, ही पहिली तपासणी होय. फाइलच्या नावाच्या शेवटी असलेला प्रत्यय यासाठी पुरेसा नसतो. व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीत रूढ झालेले एफएक्सपी हे स्वरूप मूळ सीरम आणि सर्ज ही दोन्ही वाद्ये वापरतात, तरीही एकाचा प्रीसेट दुसऱ्यात चालत नाही. या फाइलमध्ये ती कोणत्या प्लगइनची आहे याची खूण नोंदवलेली असते आणि आतील मूल्ये त्याच वाद्याच्या रचनेनुसार असतात. एका वाद्याचा आवाज दुसऱ्यात हवा असेल, तर तो ऐकून नव्याने घडवावा लागतो.

एखाद्या वाद्याची मर्यादित किंवा विनामूल्य आवृत्ती वापरात असेल, तर संचातील सर्व घटक तिच्यात उपलब्ध आहेत का, हेही पाहावे लागते.

अवलंबून असलेल्या फाइली

संचासोबत वेव्हटेबल, गोंगाटाचे नमुने किंवा सॅम्पल दिलेले आहेत का आणि ते कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचे, याची स्पष्ट सूचना चांगल्या संचात असते. काही प्रीसेटचा आवाज वाद्याबाहेरील अतिरिक्त प्लगइनवर अवलंबून असतो. नमुन्यादाखल ऐकवलेली ध्वनिफीत अशा प्लगइनसह तयार केलेली असल्यास संच प्रत्यक्षात उघडल्यावर तसा आवाज मिळत नाही.

ध्वनिपातळी आणि परिणाम

दोन आवाजांची तुलना करताना मोठा आवाज अधिक भरीव आणि स्पष्ट भासतो. मानवी कानाची संवेदनशीलता पातळीनुसार बदलते व मंद आवाजात खर्जातील आणि अतितार सप्तकातील भाग कमी ऐकू येतो. म्हणून प्रीसेटची तुलना समान पातळीवर करणे आवश्यक असते.

अनेक प्रीसेटवर रिव्हर्ब आणि डिले मोठ्या प्रमाणात दिलेले असतात. एकट्याने ऐकताना असा आवाज प्रभावी वाटतो, परंतु गीतात इतर वाद्ये आली की तो गढूळ होतो. परिणाम बंद करून मूळ आवाज ऐकल्यास संचाची खरी बांधणी कळते. फार रुंद केलेला स्टिरिओ आवाज मोनोमध्ये ऐकूनही पाहावा लागतो, कारण डाव्या आणि उजव्या बाजूंतील विरुद्ध कंपने एकमेकांना छेदून आवाजाचा काही भाग नाहीसा करू शकतात. बासच्या आवाजासाठी ही तपासणी विशेष महत्त्वाची असते.

वाजवण्याची क्षमता

स्थिर आवाज आणि वाजवता येणारा आवाज यांत फरक असतो. पट्टी हळू दाबली असता मृदू व जोरात दाबली असता तीव्र होणारा, मॉड्युलेशन चाक फिरवले असता अर्थपूर्णरीत्या बदलणारा प्रीसेट संगीतकाराला अभिव्यक्तीस वाव देतो. एका बटणाने अनेक मूल्ये एकत्र बदलण्याच्या सोयीस मॅक्रो म्हणतात. मूळ सीरम व व्हायटलमध्ये असे चार, तर मॅसिव्हमध्ये आठ मॅक्रो आहेत. मॅक्रोंना नावे दिलेली असणे आणि ती फिरवल्यावर आवाज बिघडण्याऐवजी पालटणे, ही काळजीपूर्वक केलेल्या कामाची खूण मानली जाते.

संगणकावरील भार

आवाज दाट करण्यासाठी एकाच स्वराच्या किंचित वेगळ्या अनेक प्रती एकत्र वाजवतात, त्यास युनिसन म्हणतात. दोन ऑसिलेटर, प्रत्येकी सात प्रती आणि चार स्वरांची कॉर्ड असे गृहीत धरल्यास एका वेळी ५६ लहरी निर्माण कराव्या लागतात. सोळा प्रती घेतल्यास ही संख्या १२८ होते. साध्या संगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी असे प्रीसेट असलेला संच निरुपयोगी ठरू शकतो. अशा वेळी तो भाग ध्वनिमुद्रित करून घेणे किंवा प्रतींची संख्या कमी करणे हा उपाय केला जातो.

संख्या आणि वर्गवारी

संचातील प्रीसेटची संख्या हा गुणवत्तेचा निकष नाही. एकाच प्रीसेटमधील फिल्टरचे मूल्य थोडे बदलून अनेक प्रीसेट तयार करता येतात. त्याउलट ५० वेगळे, नीट नावे दिलेले आणि प्रकारानुसार लावलेले प्रीसेट अधिक उपयोगी पडतात. शेकडो आवाज ऐकत बसण्यात कानास थकवा येतो आणि मूळ संगीतकल्पना बाजूला पडते. म्हणून अनेक निर्माते आधी साध्या आवाजावर सुरावट व लय निश्चित करतात आणि त्यानंतरच तिच्यासाठी प्रीसेट शोधतात.

भारतीय संगीताच्या संदर्भात

बहुतेक प्रीसेट संच पाश्चात्त्य समान-अंतर स्वरसप्तक गृहीत धरून तयार केलेले असतात. या पद्धतीत सप्तकाचे १२ समान भाग असून प्रत्येक भाग १०० सेंटचा असतो. षड्जापासून शुद्ध गंधार त्यामुळे ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. दोहोंतील १४ सेंटचे अंतर लांब टिकणाऱ्या पॅडमध्ये स्पष्ट जाणवते. युनिसनमुळे स्वर मुद्दाम पसरवलेला असेल तर स्वरस्थान आणखी अस्पष्ट होते. रागसंगीतासाठी प्रीसेट निवडताना म्हणून कमी युनिसनचे, स्वर नेमका ठेवणारे आवाज सोयीचे ठरतात.

स्वरांतरे बदलण्याची सोय वाद्यात असावी लागते. इ.स. १९८७ मधील यामाहा डीएक्स७II या वाद्यात अशी सूक्ष्म स्वरजुळणी करता येत असे. आजच्या वाद्यांपैकी सर्ज एक्सटी आणि व्हायटल स्काला स्वरूपातील स्वरसप्तकाच्या फाइली वाचू शकतात. मींडेसाठी पिच बेंडचा पल्ला तपासावा लागतो. अनेक प्रीसेटमध्ये तो दोन अर्धस्वरांपुरताच ठेवलेला असतो आणि लांब मींडेसाठी तो वाढवणे आवश्यक असते. एमपीई या मिडीच्या विस्तारामुळे एकत्र वाजणाऱ्या प्रत्येक स्वराला स्वतंत्रपणे वळवता येते, मात्र वाद्य आणि प्रीसेट दोन्ही त्यासाठी तयार केलेले असावे लागतात.

सिंथेसायझरवर राग वाजवण्याचा मुंबईतील एक गाजलेला प्रयोग चरणजित सिंग यांचा आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या सिंग यांनी इ.स. १९८२ मध्ये रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही वाद्ये वापरून दहा रागांवर आधारित ध्वनिमुद्रिका केली. ती त्या काळी फारशी गाजली नाही, परंतु इ.स. २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर तिच्याकडे जगभरातील श्रोत्यांचे लक्ष गेले. पाश्चात्त्य नृत्यसंगीतासाठी पुढे प्रसिद्ध झालेल्या यंत्रांमधून रागाची सुरावट उभी राहू शकते, हे तिने दाखवले.

परवाना

प्रीसेट संच विकत घेणे म्हणजे सामान्यतः तो वापरण्याचा परवाना घेणे होय. बहुतेक परवान्यांनुसार संचातील आवाज स्वतःच्या रचनेत वापरून ती प्रकाशित करता येते, परंतु ते प्रीसेट जसेच्या तसे पुन्हा विकता किंवा वाटता येत नाहीत. रॉयल्टी-मुक्त याचा अर्थ विनामूल्य असा नसून, रचना प्रकाशित झाल्यावर संचाच्या निर्मात्यास दर वेळी मोबदला द्यावा लागत नाही असा आहे.

संचात प्रीसेटसोबत तयार सुरावटी, मिडी फाइली किंवा ध्वनिमुद्रित लूप दिलेले असल्यास अधिक काळजी आवश्यक ठरते. प्रीसेटचा आवाज दोन गीतांत सारखा असला तरी सुरावट वेगळी राहते. तयार लूप मात्र अनेकांच्या गीतांत हुबेहूब तोच येतो आणि स्वयंचलित ओळख प्रणालीत त्यावरून मालकीचा गोंधळ होऊ शकतो. कोणत्या स्रोतातून आला हे माहीत नसलेल्या संचातील सॅम्पलबाबतही हाच धोका असतो.

जतन आणि दीर्घकालीन वापर

डीएडब्ल्यूमध्ये रचना साठवताना सामान्यतः प्लगइनची त्या क्षणाची संपूर्ण स्थिती रचनेच्या फाइलमध्येच नोंदवली जाते. त्यामुळे प्रीसेटची मूळ फाइल नसली तरी रचना उघडते, परंतु प्लगइन नसेल तर तो भाग वाजत नाही. इ.स. २०१९ मध्ये अ‍ॅपलच्या मॅकओएस कॅटॅलिना या कार्यप्रणालीने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणे बंद केले, तेव्हा नवी आवृत्ती न निघालेली अनेक जुनी वाद्ये आणि त्यांच्यासाठीचे संच त्या संगणकांवर निरुपयोगी झाले. स्टाइनबर्गनेही इ.स. २०१८ मध्ये व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीचे विकाससाहित्य देणे थांबवून निर्मात्यांना तिसऱ्या आवृत्तीकडे वळवले.

याउलट डीएक्स७चे ३२ आवाजांचे संच चार दशकांनंतरही वापरात आहेत. त्यांचे स्वरूप लहान, सर्वज्ञात आणि नीट नोंदवलेले असल्याने डेक्स्ड या मुक्त स्रोत प्लगइनसह अनेक नवी वाद्ये ते वाचू शकतात. तरीही मूळ वाद्याची अंक-ध्वनी रूपांतरणाची पद्धत वेगळी असल्याने तीच मूल्ये नव्या वाद्यात अधिक स्वच्छ आणि किंचित परकी वाटू शकतात. म्हणून डेक्स्डमध्ये जुन्या वाद्याच्या जवळ जाणारा ध्वनीही निवडता येतो. संचाचे आयुष्य त्याच्या फाइलवर जितके अवलंबून असते, तितकेच त्या फाइलची रचना किती खुली आहे यावरही असते. व्हायटलचे प्रीसेट मजकुराच्या स्वरूपात साठवले जातात आणि सर्जचा स्रोत सर्वांना पाहता येतो, ही गोष्ट जतनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

महत्त्वाच्या रचनेसाठी पुढील गोष्टी एकत्र ठेवल्या जातात: प्रत्येक भागाचे परिणामांसह आणि परिणामांविना ध्वनिमुद्रण, त्या भागाची मिडी फाइल, वापरलेला प्रीसेट व त्यास लागणाऱ्या फाइली, वाद्याचा आवृत्ती क्रमांक आणि परवान्याची प्रत. वाद्य अद्ययावत करण्यापूर्वी जुनी स्थापना फाइल जपून ठेवणे आणि चालू रचना आधी पूर्ण करणे ही पद्धतही रूढ आहे. यांपैकी ध्वनिमुद्रण हा एकच घटक कोणत्याही वाद्याविना पुढे ऐकता येतो.

टीका आणि महत्त्व

प्रीसेटमुळे संगीत एकसुरी होते, अशी टीका डीएक्स७च्या काळापासून होत आली आहे. एकच इलेक्ट्रिक पियानो असंख्य गीतांत वाजू लागल्यावर श्रोत्यांना तो आवाज वाद्याच्या नावानिशी ओळखता येऊ लागला. एखाद्या संगीतप्रकारातील लोकप्रिय संचांबाबतही हेच घडते आणि काही काळातच त्यांचे आवाज विशिष्ट वर्षांचे वाटू लागतात.

दुसऱ्या बाजूने, पियानो किंवा बासरीचा आवाजही सर्व वादकांसाठी जवळजवळ एकच असतो आणि तरीही प्रत्येकाचे संगीत वेगळे असते, असे प्रीसेटचे समर्थक मांडतात. शिकणाऱ्यासाठी प्रीसेट हे ध्वनिरचनेचे उघडे पुस्तक ठरते. एखादा आवाज उघडून त्यातील परिणाम, एलएफओ आणि एन्व्हलप एकेक करून बंद केल्यास तो कशाने घडला आहे हे कळते. मग तोच आवाज इनिट पॅचपासून पुन्हा उभा करता येतो. जे प्रीसेट अशा रीतीने समजून घेतलेले असतात, ते वाद्य किंवा आवृत्ती बदलली तरी पूर्णपणे हरवत नाहीत, कारण त्यांची घडण संगीतकाराच्या ज्ञानात शिल्लक राहते.

हेही पहा

सिंथेसायझर
मिडी
फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन संश्लेषण
डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन
इलेक्ट्रॉनिक संगीत